पांढऱ्या गिधाडांच्या वाटेवर : गोकाक, सौंदत्ती आणि जांबोटीकडचे दिवस

शुक्रवार : कोल्हापूर ते धुपदाळ

फेब्रुवारीत गोकाकचा धबधबा बघायला सहसा कोणी जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तांबड्या पाण्याचा लोंढा कोसळत असतो तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. हिवाळा सरता सरता एखाददुसरी धार उरते आणि बाकीचा सगळा कडा उघडा पडतो. आम्हाला तो कडाच बघायचा होता. त्याच्या कपारींत पांढरी गिधाडं असतात, असं बेळगावचा माझा मामेभाऊ, दादा, कधीपासून सांगत होता, आणि माघ-फाल्गुन हा त्यांचा घरटी बांधायचा काळ.

दादाच गाडी घेऊन कोल्हापूरला आला. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी असं करत दुपारी घटप्रभेच्या काठाला लागलो. उसाचा हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ताभर. या दिवसांत इकडं येणार असाल तर अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

धुपदाळला इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे आणि त्याच्या फुगवट्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य. मध्य आशियातून येणारे कांड्या करकोचे इथं हिवाळ्यात उतरतात. पाण्यापलीकडच्या हरभऱ्याच्या रानात त्यांचा एक थवा चरत होता. राखाडी अंग, काळा गळा, डोळ्यामागे पांढरी शुभ्र झुलपं. एरवी त्यांच्यासाठी मी संध्याकाळपर्यंत बसले असते.

काठावर एक वयस्कर गृहस्थ जाळं वाळवत बसले होते. दादाने कन्नडात विचारलं, "अण्णा, रणहद्दू दिसतात का अजून?" रणहद्दू म्हणजे गिधाड. त्यांनी हाताने आधी मोठं, मग लहान असं माप दाखवलं. दादाने मला सांगितलं ते असं : मोठी, काळपट, उघड्या मानेची होती ती गेली. लहान पांढरी आहेत, गोकाकला जा. ती मोठी कधी गेली, याला त्यांनी साल सांगितलं नाही. "मुलीचं लग्न झालं तेव्हा होती, नातवंडांनी पाहिली नाहीत," एवढंच म्हणाले.

शनिवार : गोकाकचा कडा

पक्षी बघायला पहाटे पाचला उठायची गरज नाही, हा गिधाडांचा मोठा फायदा. जड अंगाचे हे पक्षी पंख मारत फार वेळ उडत नाहीत. ऊन तापून खडकावरची हवा वर चढायला लागली की तिच्यावर स्वार होतात आणि पंख न हलवता तरंगत राहतात. म्हणून साडेआठला निवांत चहा घेऊन निघालो. गोकाक गावापासून धबधबा सहा किलोमीटर. इथं घटप्रभा वालुकाश्माच्या कड्यावरून 52 मीटर खाली उडी घेते. याच पाण्याच्या जोरावर 1880 च्या दशकात कापडगिरणी चालू झाली. तिच्या दगडी इमारती अजून काठावर उभ्या आहेत. जवळच महालिंगेश्वराचं जुनं देऊळ आणि दोन काठ जोडणारा झुलता पूल. पूल कधी खुला असतो, कधी बंद. त्याच्या भरवशावर पलीकडं जायचा बेत आखू नका.

आम्ही देवळाच्या बाजूला, कड्यापासून बरंच मागे, सावलीत बसलो. दुर्बिणीतून समोरचा खडक बघायचा तर पक्ष्याच्या आधी पांढरे ओघळ शोधावेत. वर्षानुवर्षं एकाच जागी बसल्याने विष्ठेचे चुनकळीसारखे पट्टे कपारीखाली उतरलेले असतात. तसे दोन पट्टे सापडले, आणि वरच्या पट्ट्याच्या टोकाला ते बसलेलं होतं.

गिधाड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं याच्यात जवळजवळ काही नाही. अंगावर मळकट पांढरी पिसं, मानेभोवती टोकदार पिसांची विस्कटलेली आयाळ, आणि चेहरा हळदीसारखा पिवळाधमक. पिसं नाहीत ती फक्त चेहऱ्यावर. डोकं आणि मान पिसांनी झाकलेली. चोच सडपातळ, लांबट. युरोप-आफ्रिकेतल्या याच्या भाईबंदांच्या चोचीचं टोक काळं असतं, आपल्याकडच्याची चोच टोकापर्यंत पिवळी. आकाराने घारीपेक्षा थोराड, वजन सुमारे दोन किलो. पंख पसरले की दीड मीटरच्या वर भरतात.

दहाच्या सुमाराला त्याने कड्यावरून अंग सोडलं आणि मग त्याचं सगळं रूप दिसलं. खालून पाहताना पंखांची पुढची बाजू पांढरी, मागची काळी कुळकुळीत, आणि मध्ये पाचरीसारखी निमुळती पांढरी शेपटी. घारी याच कड्यावर भरपूर आहेत, त्यामुळं ओळखायची खूण सांगते : घारीची शेपटी मध्ये खाचलेली, याची टोकदार. एकदा हे डोळ्यांत बसलं की कितीही उंचावर असलं तरी चुकत नाही. त्याने तीन घेर घेतले, दुसरं एक कुठूनसं येऊन त्याला मिळालं, आणि दोघं पायांत पाय घातल्यासारखी जवळ येऊन पुन्हा सुटली. जोडी जमवताना ती असा खेळ करतात. दादा तर उभाच राहिला.

आमच्या बाजूच्या कट्ट्यावर एक आजोबा येऊन बसले. गिरणीत आयुष्य गेलेलं, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड. "काय बघूलाय वो?" दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ त्यांनी ती खाली घेतलीच नाही. मग म्हणाले, "पाळी सुटली की रोज वर बघायचो, ही हितंच असायची. पण तोंड एवढं पिवळं हाय ते आज बघितलं."

त्या पिवळ्या रंगाची गोष्ट मी त्यांना सांगितली. हा पक्षी गुरांचं शेण खातो, माणसांची विष्ठाही खातो. शेणात पोषण फारसं नसतं, पण त्यात कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं असतात. ती पोटात गेली की चेहऱ्यावर उतरतात. स्पेनमधल्या संशोधकांनी 2002 साली हे दाखवून दिलं. जितका चेहरा पिवळा, तितका पक्षी निरोगी, असा जोडीदाराला निरोप जात असावा. आजोबांनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आपण टाकलेल्यातनं त्यानं सोनं केलं," असं म्हणाले आणि पुन्हा दुर्बीण लावली.

हाच पक्षी आफ्रिकेत शहामृगाचं अंडं फोडायला चोचीत दगड धरून वरून आपटतो. प्राणी-अभ्यासक जेन गुडाल आणि छायाचित्रकार ह्यूगो व्हॅन लाविक यांनी 1966 साली ते जगापुढं आणलं. इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीत याच्या चित्राला एका अक्षराचा मान होता. आपल्याकडं तमिळनाडूत तिरुकळुकुंड्रमच्या डोंगरावर पुजारी रोज दुपारी याच्याच जोडीला नैवेद्य भरवत, यात्रेकरू ते बघायला थांबत. ज्याला आपण अशुभ म्हणून हाकलतो, त्याला दुसऱ्या गावात देवळात पान वाढलं जात होतं.

जेवायला गोकाकात आलो. ज्वारीची पातळ भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. बाजारातून करदंट घेतलं. डिंक, गूळ, सुकामेवा, खोबरं. प्रवासात खराब होत नाही आणि दोन तुकड्यांत पोट भरतं. कड्यावर बसायचं असेल तर सोबत हेच ठेवा, वेष्टनाचे कागद मात्र परत आणा.

संध्याकाळी परतताना एका गावाबाहेर चिकनच्या दुकानांचा कचरा टाकायची जागा लागली. नाक धरावं असा वास, आणि तिथं पंधरा-वीस कुत्री. त्यांच्या कडेने, हातभर अंतर राखून, चार पांढरी गिधाडं चालत होती. उंच पाय उचलत, मान पुढंमागं करत, अगदी सावकाश. एक कुत्रं वळलं की ती दोन उड्या मागं सरत आणि पुन्हा येत. यांच्या चोचीत जाड कातडं फाडायची ताकद नसते. जनावर मेलं तर कोणी दुसऱ्याने ते फोडायची वाट बघायची आणि उरलेले तुकडे, चिंध्या, हाडांना चिकटलेलं मांस टिपायचं, ही यांची रीत. पूर्वी फोडायचं काम मोठी गिधाडं करत. आता ती जागा कुत्र्यांनी घेतली आहे.

हा बदल केवढा महाग पडला, याचा हिशेब आता झाला आहे. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली मांडलं, की जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत ती संपल्यावर माणसांचे मृत्यू वाढले. 2000 ते 2005 या काळात देशभरात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू. कुजणारी मढी, नासलेलं पाणी, वाढलेली कुत्री आणि त्यांच्या मागून येणारं रेबीज. मी तो आकडा पूर्वी वाचला होता. त्या उकिरड्यापाशी तो मला नीट कळला.

रविवार : सौंदत्ती

यरगट्टीमार्गे सौंदत्तीला पोचलो. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला गेलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही. पौर्णिमा टाळून गेल्यामुळं आमचं दर्शन चटकन झालं. कोल्हापूरकडच्या बायकांचा एक जथा भेटला, भंडाऱ्याने कपाळं भरलेली. त्यांच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "कशाला आलाय, नवस हाय व्हय?" गिधाडं बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातावर भंडारा ठेवला आणि "दिसूंदेत गं बाई" म्हणाल्या.

परसगडाच्या अंगाने खालच्या माळावर उतरलो. ऊन एव्हाना चटका द्यायला लागलं होतं. पाणी माणशी दोन लिटर तरी हवंच; या माळावर झाड शोधावं लागतं. समोर नविलुतीर्थाच्या धरणाचं निळं पाणी आणि लांब डोंगरांच्या कण्यावर पवनचक्क्या. वाऱ्याच्या ज्या झोतावर गिधाडं तरंगतात तोच झोत पवनचक्क्यांना लागतो, त्यामुळं पाती आणि विजेच्या तारा ही त्यांच्यासाठी नवी धास्ती झाली आहे. जगात बऱ्याच ठिकाणी विजेच्या खांबांवर बसून ही गिधाडं मेली आहेत. वीज हवीच, पण खांबांवरच्या उघड्या तारा झाकता येतात आणि त्याला फार खर्चही नसतो.

माळावर एक धनगर मेंढरं बसवून उभे होते. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला दरसाल येतात, म्हणून मराठी चांगलं. मी कोल्हापूरची म्हटल्यावर घोंगडं अंथरलं, पितळी तांब्यातून ताक दिलं. गिधाडांचा विषय काढायच्या आधीच त्यांनी काठीने बाभळीकडं दाखवलं. पन्नास पावलांवर एक पांढरं गिधाड जमिनीवर चालत होतं आणि त्याच्याबरोबर एक गडद तपकिरी.

"त्ये काळं दुसऱ्या जातीचं न्हाई, पोर हाय त्येचं," धनगरमामा म्हणाले. अगदी बरोबर. पिल्लं सुरुवातीला गडद तपकिरी असतात, चेहरा राखाडी. पांढरा वेश अंगावर चढायला चार-पाच वर्षं लागतात. खूप जण त्याला वेगळाच पक्षी समजतात.

मग त्यांनी दाखवलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. काट्यांना अडकलेली मेंढरांची लोकर ते पांढरं गिधाड चोचीने ओढून काढत होतं. एक पुंजका, दुसरा, तिसरा. चोच भरली तसं उडालं आणि डोंगराच्या कपारीकडं गेलं. घरट्यात ते काटक्यांवर लोकर, केस, चिंध्या अंथरतं. बल्गेरियात तर यांना चोचीत काटकी धरून तिच्यावर लोकर गुंडाळून नेताना पाहिलं आहे. इथलं साधं चोचीनेच नेत होतं. पण ज्या मेंढरांची लोकर घोंगड्याला जाते, तिचाच वाटा कपारीतल्या दोन अंड्यांखाली जातो, हे बघून मला फार आनंद झाला. अंडी साधारण सहा आठवडे उबवतात, नर आणि मादी पाळीपाळीने.

"मेंढरू मेलं तर काय करता?" मी विचारलं. "पुरायचं म्हंत्यात लोक. मी माळाला ठिवतो. त्येंचं बी प्वाट हाय की," मामा म्हणाले. आजारी मेंढराला काय औषध देता, यावर त्यांनी पाल्याचं नाव सांगितलं आणि पुढं म्हणाले, की सुई डॉक्टरच देतात, कसली ते ठाऊक नाही.

सोमवार : खानापूर, जांबोटी, कणकुंबी

रात्री बेळगावात मामांकडं उतरून सकाळी खानापूरला निघालो. एका तासात मुलूखच बदलतो. माळ संपून साग, बांबू, भाताची खाचरं, मोहोरलेले आंबे. पुढं भीमगडचं रान सुरू होतं, 2011 साली अभयारण्य झालेलं. आत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

जांबोटीच्या पुढच्या एका गावात दादाच्या मित्राचं घर. चुलीवर तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झालं. ओसरीवर मित्राचे आजोबा, ऐंशीच्या घरातले. मोठ्या गिधाडांबद्दल विचारताच ते सरसावून बसले.

"म्हस मेली की गावाभायर वढून टाकूचो. आदी एकच यायचं. मग आभाळात ठिपकंच ठिपकं. बगता बगता पन्नास. पंखांचा आवाज असा, की वासरं दावं तोडायची. जेवून परत जाऊस्तवर नुसती हाडं."

आभाळात पसरून राहायचं, एकाने खाली सूर मारला की बाकीच्यांनी त्याच्या मागे यायचं, असं त्यांचं काम चाले. आजोबा ज्यांच्याबद्दल सांगत होते त्यांत लांब चोचीची गिधाडं होती, पाठीवर पांढरा पट्टा असलेली, म्हणजे पांढऱ्या पाठीचीही. लांब चोचीच्या गिधाडाचे पंख दोन मीटरच्या वर पसरतात, वजन साडेपाच-सहा किलो. डोकं-मान उघडी, कारण मढ्याच्या आत मान घालायची तर पिसं रक्ताने चिकटून कुजतील. पोटातलं आम्ल इतकं जहाल, की सडलेल्या मांसातले जंतूही त्यात मरतात. वर्षाला एकच अंडं घालतात. एकदा झपाट्याने मरू लागली की ती तूट भरून निघायला पिढ्या जातात.

आणि तसंच झालं. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात हजारातलं एखादं उरली, लांब चोचीची शंभरातली तीन. कारण 2004 साली उघड झालं : गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. दुखण्यावर, तापावर स्वस्तातलं औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी. शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत औषध असलं तरी एवढा संहार होतो, कारण एका मढ्यावर सगळा थवा जेवतो. पांढरी गिधाडंही यातून सुटली नाहीत. 2007 पासून ती जगाच्या संकटग्रस्त यादीत आहेत. सगळं काही खातात, मढ्यावर एकवटून बसत नाहीत, म्हणून इकडं थोडी तगली असावीत असं मला वाटतं.

आजोबा मध्येच म्हणाले, "रोग आला असंच आमी समजलो. सुईनं मेली हे कुणी सांगितलंच नाही."

दुपारी कणकुंबीला जाऊन आलो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. आदल्या दिवशी सौंदत्तीला जे निळं पाणी पाहिलं त्याची ही सुरुवात, ओंजळीत मावेल एवढी. चोर्ल्याकडच्या कड्यांवर तासभर दुर्बीण फिरवली. सर्पगरुड होता, ससाणा होता.

परतताना खानापूर तालुक्यातल्या एका गुरांच्या डॉक्टरांना भेटलो. कामावरून नुकतेच आलेले, हातपाय धुऊन बाहेर बसले. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. डायक्लोफेनॅकवर गुरांसाठी 2006 सालीच बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. 2015 मध्ये सरकारने माणसांचं इंजेक्शन तीन मिलीच्या एकाच मात्रेत विकायचं ठरवलं, तेव्हा त्याला खीळ बसली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक ही गिधाडांना तशीच घातक औषधं गुरांसाठी बंद झाली. "मी मेलॉक्झिकॅम देतो. टोल्फेनॅमिक अ‍ॅसिडपण चालतं. दोन्ही गिधाडांना सोसतात आणि म्हशीलाही तेवढाच गुण येतो. पण शेतकऱ्याने विचारलं पाहिजे. दुकानातून स्वतः सुई आणून टोचणारे असतात, तिथं मी नसतो." मी ती दोन्ही नावं वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. तुम्हीही घ्या, घरात दुभतं नसलं तरी गावाकडं कोणाचं ना कोणाचं असतंच.

मंगळवार : बेळगाव

निघायच्या दिवशी कुंदा घ्यायला बाजारात जायचं होतं. ताजा कुंदा तीन-चार दिवस टिकतो. सकाळी घ्या, दुपारपर्यंत चांगला संपतो. त्याआधी मामीने चहाला बसवून सगळा वृत्तांत काढून घेतला. फोटोतलं पिवळं तोंड बघून तिने विचारलं, "हे शेण खाऊन एवढं देखणं?" मग औषधाचं ऐकलं आणि गप्प झाली.

साडेसातला गवळी आला. मामी पातेलं घेऊन दारात गेली आणि दूध घालायच्या आधीच तिने सुरू केलं.

"म्हस आजारी पडली तर कसलं इंजेक्शन देतोस रे?"

"डॉक्टर देतात की ओ काकू. का?"

"नाव काय त्याचं?"

"ते कुठलं ठाऊक. कधी डॉक्टर नसला तर दुकानातनं आणतो."

मामीने मला हाक मारली, वहीतलं पान फाडून मागितलं आणि त्याच्या हातात दिलं. "दुकानात हे दाखवायचं. हेच्याशिवाय दुसरं दिलं तर परत करायचं. आणि तुमच्या गल्लीत बाकीच्यांनाही दाखव."

त्याने पान वाचलं, एकदा अडखळत, एकदा नीट. "मेलॉक्झिकॅम. भाव काय असतोय हेचा?"

आम्ही तिघांनी दादाकडं बघितलं. त्याने तिथंच उभं राहून खानापूरच्या डॉक्टरांना फोन लावला.